संपादकीय : हात बांधायचे ते कुणाच्या सोयीसाठी?

"ताई, लेकराचे हात बांधून ठेवले तं चालते का?"

वडनेर भोलजीत बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब मिटल्यावर एकीने हा प्रश्न विचारला आणि या अंकासाठी योजलेला विषय मागे पडला. (तिची ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील मी बदलले आहेत.) मुलगा पाच-सहा वर्षांचा. बोलत नाही. दिवसभर डोळ्यांपुढे बोटे फडफडवतो, डब्याचे झाकण जमिनीवर भिंगरीसारखे फिरवतो, दारातल्या चपला एका रांगेत लावतो आणि कुणी त्यातली एक उचलली की किंचाळून घर डोक्यावर घेतो. अलीकडे कपाळ भिंतीवर आपटायला लागला आहे. बाई निंदणी-वेचणीला जाते, घरी थकलेली सासू. जुन्या ओढणीने हात बांधून तिने आधीच पाहिले होते. तेव्हा पोराने स्वतःचाच दंड चावून रक्त काढले, म्हणून ती विचारत होती.

क्षणभर कुणी बोलले नाही, मग सल्ले सुरू झाले. नजर काढ. अंगारा लाव. सैलानीला नेऊन आण. मोबाईल दिला म्हणून झालं. पोटुशी होतीस तेव्हा ग्रहण पाळलं नसशील. दोन चापट्या ठेवून दे, आपोआप बंद होईल. या सगळ्या सल्ल्यांत दोन प्रश्न कुणीच विचारले नाहीत. एक, हात फडफडवून त्या पोराला काय मिळते? आणि दुसरा, या पोराचा बाप कुठे आहे? आपली पत्रिका स्त्रियांच्या प्रश्नांची, मग मुलांच्या उपचारांवर संपादकीय कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी उत्तर या दुसऱ्या प्रश्नात आहे.

या अवस्थेला मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो, डॉक्टर ऑटिझम म्हणतात. शब्द तितकासा नेमका नाही. हे मूल स्वतःत मग्न असते असे नव्हे, भोवतालचे जग त्याच्यावर वेगळ्या रीतीने येऊन आदळते. आपल्याला ऐकूही न येणारी ट्यूबलाइटची घरघर त्याला सहन होत नाही आणि आपण दचकतो त्या आवाजाकडे ते ढुंकूनही बघत नाही. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अशा अकरा मुलांचे वर्णन प्रथम केले, त्यात आठ मुलगे आणि तीन मुली होत्या. त्यांनी दोन गोष्टी ठळकपणे टिपल्या होत्या : माणसांशी नाते जोडण्यातली अडचण, आणि सगळे जसेच्या तसे राहावे हा हट्ट. त्याच त्याच हालचाली, तोच तो शब्द, तीच वाट, तेच ताट, हा या अवस्थेचा गाभाच आहे. तो वरून चिकटलेला दुर्गुण नाही.

आणि आईला दोष देणे हे काही आपल्या खेड्यापाड्यांच्या अडाणीपणातून आलेले नाही, हेही नोंदवून ठेवते. ज्ञानविज्ञानाच्या राजधानीत बसलेल्या पुरुषांनीच ते केले. आई थंड, मायेचा ओलावा नसलेली, म्हणून मूल असे झाले, हा सिद्धांत पाश्चात्त्य देशांत दोन दशके मानाने मिरवला. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याआधी १९६४ मध्येच बर्नार्ड रिमलंड यांनी हे सगळे खोडून काढले होते, तेही स्वतःचा मुलगा स्वमग्न म्हणून. १९७७ मध्ये जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसून आला आणि आईच्या मायेचा मुद्दा शास्त्रातून बाद झाला. शास्त्रातून झाला, घरातून झालेला नाही. "तुझ्या माहेरच्या कुळात असंल" हे वाक्य मी घाटावर ऐकले आहे आणि घाटाखालीही. आनुवंशिकता बापाकडूनही येते, हे सांगितले की खोलीतले पुरुष बाहेर तंबाखू मळायला जातात.

आता उपचारांकडे येते. पण त्याआधी जो प्रश्न उपचार करणाऱ्यांनी पहिल्यांदा विचारायला हवा आणि बहुतेक वेळा विचारला जात नाही तो असा : थांबवायचे नेमके काय, आणि ते कुणाला खटकते आहे म्हणून?

स्त्री-चळवळीला हा प्रश्न नवा नाही. १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूरच्या मतिमंद मुलींच्या संस्थेतल्या मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली तेव्हा दिलेले कारण काय होते? पाळीची स्वच्छता या मुलींना राखता येत नाही. म्हणजे सांभाळणाऱ्यांचे काम वाढते. स्त्री-संघटनांनी तेव्हा आवाज उठवला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. आज २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या दहाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येणार नाही. हात फडफडवणे थांबवणे आणि गर्भाशय काढणे यांची तुलना अतिरेकी वाटेल. मी दोन्ही कृत्यांना एका मापाने मोजत नाही, पण दोन्हीमागचे तर्कट एकच आहे. सांभाळणाऱ्याला जे त्रासदायक, ते त्या शरीरातून काढून टाकायचे.

या तर्कटाने उपचारांच्या इतिहासात काय काय करवले तेही पाहा. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात इव्हार लोव्हास यांनी मुलांच्या वर्तनावर प्रयोग केले, त्यात बक्षिसांबरोबर चापट, ओरडणे आणि विजेचे झटकेही होते. १९८७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवड्याला चाळीस तास एकट्या मुलाला शिकवल्यावर एकोणीसपैकी नऊ मुले इतरांसारखी झाली असा दावा होता. मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, त्यामुळे त्या निष्कर्षावर पुढे बरीच टीका झाली. तरी "चाळीस तास" हा मंत्र मात्र जगभर पसरला. पुढे या पद्धतीतून मारहाण गेली, खेळ आला, ती बरीच मवाळ झाली, हे सांगायला हवे. पण अमेरिकेतल्या एका निवासी केंद्रात स्वतःला इजा करणाऱ्या मुलामाणसांना अंगावर बांधलेल्या यंत्राने झटके देणे या शतकातही चालू राहिले. तिथल्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये घातलेली बंदी पुढच्याच वर्षी न्यायालयात टिकली नाही. तेव्हा मागास कोण आणि पुढारलेले कोण, हा हिशोब जरा जपून करावा.

दुसऱ्या बाजूला, बोलू शकणारी स्वमग्न माणसे मोठी झाली आणि स्वतःविषयी बोलू लागली. २०१९ मध्ये इंग्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा प्रौढांच्या मुलाखती आहेत. हात हलवणे, डुलणे, एखादा आवाज पुन्हा पुन्हा काढणे यांनी जीव शांत होतो, भावना आवरतात, असे त्यांनी सांगितले. लोक बघतात म्हणून ते दाबून ठेवावे लागते याचाच त्यांना जास्त त्रास होता. यात आपल्याला न समजण्यासारखे काय आहे? दवाखान्याच्या बाहेर बसलेली बाई पदराचे टोक बोटाला गुंडाळते आणि सोडते. आजी माळ ओढते, वाती वळते. वाती वळणाऱ्या आजीला आपण उपचार करायला नेत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगते. हात फडफडवणे, डुलणे, झाकण फिरवणे, चपलांची रांग लावणे यांना हात लावू नये. ती त्या मुलाची स्वतःला सावरण्याची रीत आहे. लाज वाटते ती आपल्याला, आणि लाजेवरचा उपचार मुलावर करायचा नसतो. डोके आपटणे, चावणे, डोळ्यात बोट घालणे, माती-खडू खाणे, आणि एखाद्या क्रमाचा असा हट्ट की ज्यापायी मुलाचे जेवण, झोप, शाळा बंद पडते, तिथे मात्र हात बांधून बसता येत नाही. तिथे काम केलेच पाहिजे.

ते काम कसे करतात? पहिली पायरी दवाखान्याची, पण मेंदूच्या तज्ज्ञाची नव्हे. न बोलणारे मूल अचानक डोके आपटू लागले तर आधी दाढ किडली आहे का, कान दुखतो का, चार दिवस शौचाला झाली नाही का, हे बघायचे. दुखणे सांगता येत नसले की ते भिंतीवर आपटून सांगितले जाते. माती खाणाऱ्या मुलाचे रक्त तपासायचे, कारण लोह कमी असणे आणि माती खाणे यांची संगत जुनी आहे, जंताचे औषध द्यायचे. स्वमग्न मुलांत फिट्सचे प्रमाण जास्त असते. हालचाल चालू असताना मुलाला हाक पोचत नसेल, नजर थिजत असेल, तर ते खेळणे नसून झटका असू शकतो, आणि त्यासाठी मात्र तज्ज्ञच हवा. ही पायरी प्राथमिक आरोग्य केंद्रात बऱ्याच अंशी होऊ शकते. होत नाही, कारण "ते तर वेडंच आहे" म्हणून तोंड उघडून दाढ बघण्याचे कष्ट कुणी घेत नाही.

दुसरी पायरी कारण शोधण्याची. तज्ज्ञ याला मोठे नाव देतात, पद्धत साधी आहे. एका वहीत तीन रकाने : आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय झाले. आठ-दहा दिवस नोंद ठेवली की चित्र दिसू लागते. लिहिता येत नसेल तर दोन डबे ठेवावेत. गोंगाटात डोके आपटले तर एका डब्यात तुरीचा दाणा, काही मागायचे असताना आपटले तर दुसऱ्यात. आमच्या परिसरातल्या एका आईने मोठ्या मुलीकडून अशी वही भरून घेतली. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी, कुकरच्या शिट्टीपाशी सगळ्या नोंदी येऊन जमल्या होत्या. कुकर लावताना मुलाला ओट्यापासून दूर अंगणात न्यायचे एवढाच तिथला उपचार. तो लागू पडला. सगळीकडे इतके सोपे नसते.

कारण कळले की त्या कृतीच्या जागी तेच काम करणारी दुसरी कृती द्यायची. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले की मुलांचे त्रासदायक वागणे अनेकदा मागणे असते. "हे काम अवघड आहे, मदत करा", "माझ्याकडे बघा" असे काही तरी त्यांना सांगायचे असते. ते सांगण्याची दुसरी रीत शिकवली की वागणे कमी होते. बोलता येत नसेल तर हाताची खूण, किंवा तांब्याचे, ताटाचे, दाराचे चित्र असलेले पुठ्ठ्याचे तुकडे. पाणी हवे तर तांब्याचे चित्र आईच्या हातात आणून द्यायचे, आणि आईने ते दर वेळी, ताबडतोब मानायचे. "ताबडतोब" ही अट महत्त्वाची. चित्र दिल्यावर पाणी मिळत नाही आणि डोके आपटल्यावर मिळते, असे झाले तर मूल शहाणे आहे, ते डोकेच आपटेल.

सगळे तसेच्या तसे हवे या हट्टावर दिवसाची चित्रे उपयोगी पडतात. उठणे, दात, चहा, अंगणवाडी, जेवण, झोप अशी चित्रे भिंतीवर ओळीने लावायची आणि एकेक झाले की काढून टाकायचे. पुढे काय होणार हे दिसत असले की भीती कमी होते, आणि हट्टाच्या मुळाशी बहुतेकदा भीती असते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात १९७० च्या दशकापासून एरिक शॉप्लर यांनी याच तत्त्वावर राज्यभराची सेवा उभी केली, तीही पालकांना सहकारी मानून. बदल करायचा तर थोडा थोडा : रोजच्या वाटेने जाताना आज फक्त एका घरापुढे थांबायचे, एवढाच.

व्यवसायोपचार तज्ज्ञ झोका, दाबून मालिश, वजन उचलणे, धावणे असे प्रकार सांगतात. त्यातल्या व्यायामाचा उपयोग काही अभ्यासांत दिसला आहे, इतर प्रकारांवरचे अभ्यास लहान आणि एकमेकांशी न जुळणारे आहेत. झोळी आणि अंगण आपल्याकडे फुकट आहे, मुलाला आवडत असेल तर करावे. महिन्याला हजारो रुपये देऊन मात्र करू नये. कृती मध्येच अडवून मुलाला दुसरीकडे वळवण्याची एक पद्धत आहे. अडवणारा शेजारी असेपर्यंत ती चालते, तो उठला की पुष्कळदा सगळे परत सुरू होते. डोळ्याला इजा करणाऱ्या मुलासाठी ती वापरणे मला समजते, झाकण फिरवणाऱ्यासाठी नाही.

औषधांबद्दल दोनच गोष्टी. त्याच त्याच कृती कमी व्हाव्यात म्हणून नैराश्यावरच्या गोळ्या मुलांना दिल्या जातात. सिटॅलोप्राम या गोळीची अमेरिकेत १४९ मुलांवर चाचणी झाली आणि २००९ मध्ये निकाल आला : खरी गोळी आणि खोटी गोळी, दोन्ही गटांत सुमारे एक तृतीयांश मुलांना सारखाच फरक पडला, त्रास मात्र खऱ्या गोळीने जास्त झाला. रिस्पेरिडोनचा उपयोग अतिशय चिडचिड, मारणे, स्वतःला इजा करणे यांवर होतो, हे सिद्ध आहे. त्याने वजन वाढते, झोप येते, म्हणून ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, ठरावीक काळासाठी आणि वजन-रक्त तपासत घ्यायचे. मूल गप्प बसावे म्हणून दुकानातून परस्पर आणायचे ते औषध नव्हे. आणि मूळ पेशींचे म्हणजे स्टेम सेलचे इंजेक्शन कुणी देऊ केले तर दागिने गहाण टाकण्याआधी लक्षात ठेवा : भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वमग्नतेसाठी या उपचाराला मान्यता नाही, आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या समितीनेही २०२२ मध्ये त्याची शिफारस करता येत नाही असे सांगितले. गहाण पडते ते बहुतेकदा बाईचेच डोरले.

बाबा-मांत्रिकांकडे जाणाऱ्या बायकांना हसण्याची मला मुळीच इच्छा नाही. जिथे दवाखाना ऐकून घेत नाही तिथे दर्गा आणि देवस्थान निदान बसू तरी देते. कुणी नवस बोलला, दर्शन घेतले, तर आपले काही म्हणणे नाही. पण भूत काढतो म्हणून मुलाला साखळीने बांधणे, मारणे, चटके देणे, मिरच्यांची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्या डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी आयुष्य वेचले, त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांतच तो आला.

आता मूळ दुखण्याकडे. वर सांगितलेले सगळे उपचार, वही, चित्रे, दर वेळी ताबडतोब प्रतिसाद, कुणी करायचे आहेत? तज्ज्ञ महिन्यातून एकदा भेटणार, तेही अकोल्याला किंवा घाट चढून बुलढाण्याला गेल्यावर. उरलेले एकोणतीस दिवस उपचारक कोण? आई. जगभर आता "पालकांमार्फत उपचार" या मार्गाकडे आशेने बघितले जाते आणि त्याला आधारही आहे. आपल्या शेजारच्या गोव्यात 'संगाथ' या संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत तिथल्या सहकाऱ्यांनी मिळून एक चाचणी केली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ६५ मुले होती. घरी जाऊन शिकवणाऱ्या कार्यकर्त्या तज्ज्ञ नव्हत्या, त्यांना प्रशिक्षण देऊन तयार केले होते. बारा बैठकांत आई-बाप आणि मूल यांच्या खेळाचे चित्रीकरण करून, तेच त्यांना दाखवून, मुलाच्या लयीत लय कशी मिसळायची हे शिकवले. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुले आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. सगळ्याच मोजमापांवर फायदा दिसला असे नाही, आणि त्या कृती थांबवणे हा त्या चाचणीचा मुख्य हेतूही नव्हता. तरी दोन देशांतल्या सामान्य घरांत, तज्ज्ञांवाचून, हे करता येते एवढे त्यातून कळले. माझ्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

पण मैत्रिणींनो, "पालक" हा शब्द किती निरागस दिसतो! कागदावर तो आई आणि बाप दोघांचा, प्रत्यक्षात एकटीचा. पाणी, सरपण, स्वयंपाक, मजुरी यांच्यावर आता उपचाराचे तास चढतात. ते तिने भरले नाहीत तर "आईच सहकार्य करत नाही" असा शेरा कागदावर येतो. कुठल्या कुठल्या कागदावर हा शेरा मी वाचला आहे ते इथे लिहीत नाही. थंड आईचा सिद्धांत पुढच्या दाराने गेला तो असा मागच्या दाराने परत येतो. घरकामाचे मोल मोजा म्हणून आपण इतकी वर्षे बोलतो, त्या हिशोबात हे तासही धरले पाहिजेत. आणि ज्या दिवशी उपचार शिकायचा त्या दिवशीची मजुरी बुडते, तीही. २०२३ पासून एसटीत बाईला अर्धे तिकीट आहे, हे खरे. बुडालेला रोज एसटी भरून देत नाही.

बाप कुठे आहे, हा प्रश्न म्हणून विचारायचा. शिकण्याच्या बैठकीला तो आलाच पाहिजे, असा आग्रह आपण धरावा. काही येतात, आणि आले की चांगले शिकतात. एक ट्रॅक्टरचालक बाप मुलाला रोज संध्याकाळी पाठुंगळी घेऊन शेताच्या बांधापर्यंत धावतो, त्या मुलाची झोप सुधारली. सोडून गेलेल्यांचे काय? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाखाली (जुने १२५) आई स्वतःसाठी आणि मुलासाठी पोटगी मागू शकते, आणि शारीरिक वा मानसिक कारणाने स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या मुलाची पोटगी ते अठरा वर्षांचे झाले म्हणून संपत नाही. हे वकिलांनाही कधी कधी आठवून द्यावे लागते.

मुलींविषयी लिहिल्याशिवाय हे पान संपवता येत नाही. ही अवस्था मुलग्यांत कितीतरी जास्त नोंदवली जाते. त्यातला काही भाग खरा आहे, पण बराच भाग मुली नजरेतून सुटण्याचा आहे. गप्प, मान खाली घातलेली, तीच भांडी त्याच क्रमाने दहा वेळा घासणारी मुलगी आपल्याला "गुणाची" वाटते! तिचा त्रास दिसतो तो पाळी आल्यावर किंवा लग्न झाल्यावर, सासरचे घर, आवाज, माणसे सगळेच एका दिवसात बदलल्यावर. मग ती "बिघडलेली" ठरते आणि परत पाठवली जाते. परित्यक्तांसाठी काम करणाऱ्या गटांनी आपल्याकडच्या प्रकरणांकडे या नजरेने एकदा बघावे.

आपल्या गटांनी काय करायचे? १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते, ही मुले "मतिमंद" म्हणून तरी नोंदली जात किंवा नोंदलीच जात नसत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस दिव्यांगतांत तिचे नाव स्वतंत्र आहे. प्रमाणपत्रासाठी चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळाले की राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, आणि त्यात बाह्यरुग्ण उपचारांचाही खर्च येतो. मूल अठराचे झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो, तिथे आईचे नाव पहिले घालायला विसरू नका.

गावातल्या गावात तीन ठिकाणी धक्का द्यायला हवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणे अपेक्षित आहे आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत स्वमग्नता आहे. पथक येईल त्या दिवशी वजन-उंचीवर न थांबता न बोलणाऱ्या मुलांची नावे घेऊन गटाच्या दोन बायकांनी तिथे हजर राहावे. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. आपल्या अंगणवाडीताईला तिचे प्रशिक्षण मिळाले का, हे तिला दोष न देता विचारावे, कारण तिच्या डोक्यावर आधीच पन्नास नोंदवह्या आणि एक मोबाईल आहे. आणि ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो बहुतेक ठिकाणी वर्षअखेरीला घाईघाईने काहीतरी वाटून संपवतात. या पैशातून आठवड्यातून दोन दुपारी अशा मुलांना सांभाळणारी, प्रशिक्षण घेतलेली, मानधन मिळणारी एक बाई गावात का नेमता येऊ नये? आई त्या दोन दुपारी कापूस वेचील, उपचार शिकेल, नाहीतर झोपेल. ती काय करते याचा हिशोब कुणी मागू नये.

हा ठराव ग्रामसभेत मांडायचा तर निधीचा गेल्या तीन वर्षांचा खर्च आधी माहितीच्या अधिकारात मागवावा लागेल. अर्जाचा नमुना या अंकाच्या मधल्या पानावर दिला आहे. तो कापून घ्या, गावाचे नाव घाला आणि पोच घेतल्याशिवाय ग्रामसेवकाच्या टेबलावरून उठू नका.